अ‍ॅलर्जीच्या रुग्णाचा लिपिड अहवाल वाचताना

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढते’ अशा आशयाचा मजकूर प्रसिद्ध झाला. तो वाचून ओळखीच्या तिघांनी मला फोन केला. एका आईला आपल्या इसब असलेल्या मुलाचे कोलेस्टेरॉल दुसऱ्याच दिवशी तपासून घ्यायचे होते. एका गृहस्थांनी नेमका उलटा प्रश्न विचारला, की हृदयविकारासाठी चालू असलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी दुप्पट केली तर आपला जुना दमा बरा होईल का. तिसऱ्या बाईंनी तर शीतपित्त उठते म्हणून जेवणातील स्निग्ध पदार्थ पूर्णपणे बंदच करून टाकले होते. मी तीस वर्षे जैवरसायन प्रयोगशाळेत काम केले असून त्या काळात लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील मेदाच्या तपासणीच्या, असंख्य अहवालांवर माझी सही झाली आहे. शिवाय माझे थोरले बंधू दम्याचे जुने रुग्ण आहेत. त्यामुळे या विषयाची कागदावरची बाजू आणि घरातली बाजू अशा दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत, आणि त्या मजकुरात जे राहून गेले ते सविस्तर लिहावेसे वाटले.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अ‍ॅलर्जी आणि मेद यांचा संबंध कोणीतरी ओढूनताणून जोडलेला नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया सुरू होते तेव्हा मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकार पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु त्याच्या पाठोपाठ त्या पेशी ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये तयार करतात, ती मुळात मेदद्रव्येच असतात. पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल असते. ते सुटे होते आणि त्यापासून ही द्रव्ये बनतात. श्वासनलिका आवळून धरण्याची ल्युकोट्राइनची ताकद हिस्टामिनपेक्षा कितीतरी जास्त असते. या संशोधनातील वाट्याबद्दल स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसह १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दम्याच्या व अ‍ॅलर्जिक सर्दीच्या कित्येक रुग्णांना परिचित असलेली मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्राइनचाच मार्ग अडवते. इसबातही मेदाचा प्रश्न आहेच. त्वचेच्या वरच्या थरातील सेरामाइड नावाची मेदद्रव्ये कमी पडली, की त्वचा कोरडी होते, तिला सूक्ष्म भेगा पडतात आणि बाहेरचे अ‍ॅलर्जीकारक घटक आत शिरतात.

मात्र हे मेद आणि लिपिड प्रोफाइलमध्ये मोजला जाणारा मेद एक नव्हेत. गोंधळाचे मूळ इथेच आहे. ल्युकोट्राइन ज्या मेदाम्लापासून बनते ते पेशीच्या स्वतःच्या आवरणातले असते, आणि सेरामाइड त्वचेच्या पेशी स्वतः तयार करतात. रक्ताच्या तपासणीत आपण मोजतो ते यकृत आणि आतडे यांच्याकडून निघून शरीरभर फिरणारे, प्रथिनांच्या वेष्टणात बांधलेले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १६० ऐवजी ९० असल्याने मास्ट पेशीतील अ‍ॅराकिडोनिक आम्ल संपत नाही आणि त्वचेतील सेरामाइड वाढत नाही. शीतपित्त असलेल्या त्या बाईंना मी हेच समजावून सांगितले.

आता संशोधनाकडे वळू. मजकुरात एका अभ्यासाचा निष्कर्ष दिला होता, पण या विषयावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत ही महत्त्वाची बाब त्यात आली नाही. अमेरिकेत २००५-०६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत सहभागी लोकांच्या रक्तातील १९ अ‍ॅलर्जीकारकांविरुद्धचे आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) मोजले गेले होते आणि लिपिडही तपासले गेले होते. त्या माहितीच्या विश्लेषणात, त्या वेळी दमा असलेल्यांचे एकूण कोलेस्टेरॉल दमा नसलेल्यांपेक्षा कमी आढळले. हे नाते प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांत टिकले, आणि अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती व कोलेस्टेरॉल यांचे नातेही वांशिक गटागणिक बदलत गेले. याउलट, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील सुमारे १८ हजार मुलांच्या तपासणीवर आधारलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दम्याचा संबंध वाढलेल्या ट्रायग्लिसराइडशी दिसला, आणि मुलांचे वजन हिशेबात घेतल्यानंतरही तो नाहीसा झाला नाही. एकच देश, एकच आजार, पण एका ठिकाणी कोलेस्टेरॉल कमी आणि दुसऱ्या ठिकाणी ट्रायग्लिसराइड जास्त. या दोन्ही निष्कर्षांपैकी कोणताही एक उचलून मथळा करता येतो आणि तो मथळा खोटा ठरत नाही, पण वाचकाला मात्र अर्धेच चित्र दिसते.

असे का होत असावे? ‘अ‍ॅलर्जिक रोग’ ही मोट फार मोठी आहे, हे पहिले कारण. एका अभ्यासात ‘तुम्हाला दमा असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले होते का’ या प्रश्नाच्या उत्तरावर दमेकरी ठरतात, दुसऱ्यात त्वचेवरील टोचणी चाचणीवर, तिसऱ्यात रक्तातील आयजीईवर. दमा प्रत्येक वेळी अ‍ॅलर्जीमुळेच होतो असेही नाही, आणि आयजीई वाढलेल्या प्रत्येकाला आजार असतो असेही नाही. दुसरे कारण वयाचे आहे. पौगंडावस्थेत मुलांचे एकूण कोलेस्टेरॉल आपोआप काहीसे खाली येते आणि नंतर पुन्हा चढते, आणि नेमक्या याच वयात कित्येक मुलांचा दमा कमी होतो, तर काही मुलींमध्ये तो नव्याने सुरू होतो. वयाचा काटेकोर विचार न करता या दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या, तर नसलेले नातेही दिसू लागते.

परंतु सर्वांत मोठे कारण आहे दाह (इन्फ्लमेशन). शरीरात तीव्र दाह असताना लिपिडचे आकडे हलतात, ही गोष्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. मोठा जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांनंतर काही दिवसांत एलडीएल आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) दोन्ही खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड बहुधा वर जाते. म्हणूनच अशा रुग्णाच्या लिपिड तपासणीवरून दीर्घकालीन निर्णय घ्यायचा असेल, तर काही आठवडे थांबून ती पुन्हा करण्याचा सल्ला दिला जातो. दम्याच्या मोठ्या झटक्याला बहुतेक वेळा विषाणुसंसर्गाची जोड असते. अशा आठवड्यात घेतलेल्या रक्तात जे सापडेल त्याला ‘अ‍ॅलर्जीमुळे झालेला बदल’ म्हणायचे, की ‘आजारपणाच्या आठवड्यातील रक्त’ म्हणायचे? मला दुसरे नाव अधिक खरे वाटते.

आणि मग औषधे. या ठिकाणी मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण मजकुरात औषधांचा उल्लेखच नव्हता.

दम्याचा झटका, अंगभर उठलेले शीतपित्त, चिघळलेला इसब यांत तोंडावाटे स्टेरॉइड द्यावे लागते आणि अनेकदा ते जीव वाचवते. पण हेच औषध यकृताला अधिक ट्रायग्लिसराइडयुक्त कण तयार करायला लावते, इन्सुलिनचा परिणाम बोथट करते, भूक वाढवते आणि वारंवार घेतल्यास वजनही वाढवते. दमा-उपचारांच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने स्पष्ट नोंदवले आहे, की प्रौढ व्यक्तीत आयुष्यभरात अशा गोळ्यांचे अवघे चार-पाच कोर्स झाले, तरी मधुमेह, मोतीबिंदू, हाडे ठिसूळ होणे यांसारख्या विकारांचा वाढता धोका आढळतो. श्वासावाटे घ्यायच्या पंपाचे गणित मात्र निराळे आहे. पंपातील स्टेरॉइडचा दिवसाचा डोस साधारणपणे काहीशे मायक्रोग्रॅम असतो, तर झटक्यात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीची मात्रा बहुधा ३० ते ४० मिलिग्रॅम असते, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. दोन औषधे वेगळी असल्यामुळे ही तुलना अगदी नेमकी नाही, तरी अंतर ध्यानात येते. नेहमीच्या मात्रेतील पंपाने लिपिडवर दखल घ्यावी असा परिणाम सहसा होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘स्टेरॉइडने कोलेस्टेरॉल वाढते’ एवढेच अर्धवट वाचून कोणी पंप बंद केला, तर पुढचा झटका येईल आणि त्या झटक्यासाठी त्याच गोळ्या घ्याव्या लागतील ज्यांची भीती बाळगली होती.

तीव्र इसबासाठी रोगप्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन दिले जाते, आणि त्यानेही रक्तातील लिपिड वाढू शकते, म्हणून उपचारापूर्वी आणि पहिल्या महिन्यानंतर तपासणी करण्याची सूचना आहे. अलीकडे आलेल्या जॅक-रोधक (दाहाचे संदेश पेशीत पोचवणाऱ्या जॅक विकरांना अडवणाऱ्या) गोळ्यांनी, म्हणजे उपादासिटिनिब, बॅरिसिटिनिब, अब्रोसिटिनिब यांनी, इसबाच्या कित्येक रुग्णांची रात्रीची खाज थांबवली आहे. त्यांच्याही माहितीपत्रकात एलडीएल आणि एचडीएल वाढण्याचा उल्लेख आहे. पहिल्या दोन औषधांत साधारण १२ आठवड्यांनी आणि तिसऱ्यात सुमारे चार आठवड्यांनी लिपिड तपासावे असे सांगितले आहे. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. सायप्रोहेप्टाडिनने भूक इतकी वाढते, की तो परिणाम कधी कधी उपचार म्हणून वापरला जातो. वर उल्लेख केलेल्या २००५-०६ च्या अमेरिकी पाहणीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील अँटिहिस्टामिन घेणाऱ्यांत जास्त वजन असण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. त्यातही कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्या एका पाहणीवरून ठरत नाही, हे खरेच.

माझ्या बंधूंचा अनुभव या संदर्भात सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पाठोपाठ दोन झटके आले आणि तीन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू राहिल्या. त्याच दिवसांत त्यांची वार्षिक तपासणी ठरलेली होती, ती त्यांनी पुढे ढकलली नाही. ट्रायग्लिसराइड तीनशेच्या पुढे निघाले. अहवाल ज्यांनी पाहिला त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली, आयुष्यभर घ्यायची म्हणून एक नवी गोळी लिहून दिली आणि आहाराचा छापील कागद हातात ठेवला. मधल्या काळात काय औषधे घेतली हे कोणी विचारले नाही, आणि बंधूंनाही ते सांगावेसे वाटले नाही, कारण फुप्फुसाचे औषध आणि रक्तातील मेद यांचा संबंध असेल अशी त्यांना कल्पनाच नव्हती. घरी आल्यावर त्यांनी अहवाल मला दाखवला तेव्हा मी तारीख पाहिली आणि कॅलेंडर समोर ठेवले. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून नवी गोळी तूर्त थांबवायची आणि दोन महिन्यांनी फेरतपासणी करायची असे ठरले. त्या वेळी आकडा दोनशेच्या आत आला होता. एका माणसाच्या दोन अहवालांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. ट्रायग्लिसराइड तर निरोगी माणसातही एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी सुमारे २० टक्क्यांनी खालीवर होऊ शकते. पण तो प्रश्न विचारला गेला असता, तर फेरतपासणी आधी झाली असती आणि ‘आयुष्यभर’ हा शब्द नंतर आला असता, किंवा आलाच नसता.

याच ठिकाणी एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवते. पुष्कळ प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजले जात नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढले जाते. ट्रायग्लिसराइड जसे वाढते तसे हे उत्तर खऱ्या आकड्यापासून दूर जाऊ लागते, आणि ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे ते सूत्र वापरायचेच नसते. म्हणजे स्टेरॉइडने ट्रायग्लिसराइड चढले, तर त्या अहवालातील एलडीएलचा आकडाही आपोआप संशयास्पद होतो. संशोधनातही जिथे एलडीएल अशा रीतीने काढलेले असते, तिथे हीच मर्यादा लागू पडते.

मग प्रत्यक्ष कारणसंबंध आहे की नाही हे कसे पाहायचे? निसर्गानेच एक प्रयोग करून ठेवला आहे. साधारण २५० माणसांत एकाला अनुवंशाने जन्मापासून एलडीएल खूप जास्त असते. त्या कुटुंबांत हृदयविकार अकाली येतो, स्नायुबंधांवर कोलेस्टेरॉलच्या गाठी येतात. वाढलेले कोलेस्टेरॉल स्वतःच अ‍ॅलर्जी निर्माण करत असते, तर या घरांत दमा आणि इसब यांची रेलचेल दिसायला हवी होती. या विकाराच्या ओळखीच्या लक्षणांत अ‍ॅलर्जी नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर जगभर कोट्यवधी लोक स्टॅटिन घेत आहेत. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील प्रयोगांत स्टॅटिनने श्वासनलिकेचा दाह कमी होताना दिसला होता, म्हणून दम्याच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. उपचारांवरील संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने त्या चाचण्यांचा २०२० मध्ये जो आढावा घेतला, त्यात दम्यासाठी स्टॅटिन द्यावे असे म्हणण्याइतका पुरावा आढळला नाही. स्टॅटिन दुप्पट करू पाहणाऱ्या त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की हृदयासाठी ती गोळी आहे त्याच मात्रेत, न चुकता घ्या, आणि दम्यासाठी पंप.

हा सगळा संबंध निराधार आहे असा माझा दावा नाही, आणि पत्र वाचून कोणी तसा निष्कर्ष काढू नये. ज्यांचा आजार तीव्र आहे त्यांच्याबाबतीत हृदयाची काळजी घ्यायला खरे कारण आहे. ब्रिटनमधील सुमारे ३ लाख ८७ हजार इसबाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र इसब असलेल्यांना हृदयविकाराचा झटका, हृदयाची अकार्यक्षमता आणि पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला. सौम्य इसबाचे चित्र तसे गंभीर नव्हते. पण त्या अभ्यासात ‘तीव्र’ कोण, हे बऱ्याच अंशी मिळालेल्या उपचारांवरून ठरवले होते, त्यामुळे आजाराचा वाटा किती आणि औषधांचा किती हे वेगळे करणे कठीण जाते. त्याशिवाय खाजेने रात्र रात्र झोप लागत नाही, घामाने त्वचा चुरचुरते म्हणून व्यायाम टळतो, धाप लागेल या भीतीने दमेकरी मुलाला खेळायला पाठवले जात नाही, आणि या सगळ्यातून वजन वाढते. वाढलेले वजन पुन्हा दमा अवघड करते, आणि वजन उतरल्यावर दमा आटोक्यात येणे सोपे जाते, हे चांगल्या रीतीने सिद्ध झालेले आहे. माझ्या मते अ‍ॅलर्जी आणि वाढलेले लिपिड यांच्यामधला सर्वांत रहदारीचा रस्ता हाच आहे. तो यकृतापेक्षा घराच्या अंगणातून जास्त जातो, आणि म्हणूनच तो बदलणे आपल्या हातात आहे.

उलट दिशेचीही एक नोंद येथे करायला हवी. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीतही मास्ट पेशी असतात, आणि तीव्र अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियेत त्या फुटल्या तर धमनी आकुंचन पावून छातीत कळ येऊ शकते. ग्रीसचे डॉ. कुनिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला कुनिस सिंड्रोम म्हणतात. ज्याच्या धमन्यांत आधीच कोलेस्टेरॉलचा थर साचलेला आहे त्याला यात अधिक धोका असतो. तेव्हा तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने लिपिडकडे दुर्लक्ष करावे असेही नाही. फक्त ती तपासणी इतर कोणाही प्रौढासारखी, शांत काळात, कारण समजून करावी.

संपादक महोदय, माझी विनंती दोन बाबींपुरती आहे. असे अभ्यास छापताना ते एका वेळच्या पाहणीवर आधारलेले आहेत की वर्षानुवर्षे पाठपुरावा करून केलेले, आणि त्यांत वजन व औषधे यांचा विचार झाला आहे की नाही, हे एका वाक्यात तरी यावे. त्या वाक्याने मथळा थोडा फिका पडेल, पण माझे फोन कमी वाजतील.

दुसरी बाब वाचकांसाठी आहे. रक्त द्यायला जातो तेव्हा भरायच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा एक रकाना असतो. माझ्या तीस वर्षांत तो मी बहुतेक वेळा कोराच पाहिला. अ‍ॅलर्जीच्या किंवा दम्याच्या रुग्णांनी त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, इसबासाठीच्या नव्या गोळ्या, आणि शेवटच्या झटक्याची तारीख एवढे लिहावे, आणि अहवाल दाखवताना डॉक्टरांनाही तेच तोंडाने सांगावे. त्या आईलाही मी हेच कळवले आहे. तिच्या मुलाचा इसब सध्या चिघळलेला आहे आणि त्याला मागच्या आठवड्यातच गोळ्यांचा कोर्स सुरू झाला आहे. त्याची लिपिड तपासणी मुळात हवी का हे बालरोगतज्ज्ञांना विचारून, हवी असल्यास तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी करायचे तिने ठरवले आहे.

कळावे,

आपली नम्र,
जैवरसायन प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक वाचक